रानात जाणाऱ्याने हाक बरोबर न्यावी का?

एप्रिल २०१६ मध्ये पवनीच्या रानातून येणारे संदेश एकाएकी थांबले. ते माणसाचे नव्हते. नागझिऱ्यात जन्मलेला आणि २०१३ मध्ये स्वतःच्या पायांनी उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात येऊन स्थिरावलेला ‘जय’ नावाचा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन हिंडत होता. ती कॉलर मुकी झाली आणि एकच खळबळ उडाली. वनखात्याने आसपासच्या जिल्ह्यांतली रानं पालथी घातली, वन्यजीवप्रेमींनी गावोगाव विचारपूस केली, जय परत यावा म्हणून देवाला साकडं घातल्याच्या बातम्याही छापून आल्या. जय काही सापडला नाही.

जयने मात्र कधी कुणाला हाक मारली नव्हती. आपल्या गळ्यातून काहीतरी प्रसारित होतंय याचा त्याला पत्ताही नव्हता. माणसाचं नेमकं उलटं असतं. रोजच्या कटकटीपासून चार दिवस सुटका हवी म्हणून तो रानात जातो आणि निघताना आपणहून बिनतारी संच गाडीत ठेवतो. मग तो खरंच रानात गेला का? ज्याला एकांत हवा त्याने हाक मारण्याची सोय बरोबर न्यावी का? आणि नेलीच, तर त्या सोयीबरोबर त्याच्यावर कोणतं ऋण चढतं? प्रश्न दिसायला छंदातला आहे, पण आपल्याकडे तो हजार-दोन हजार वर्षं विचारला गेला आहे आणि त्याच्या खुणा भंडारा जिल्ह्यातच आहेत.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि नागझिरा, नवेगावची जंगलं तिकडे गेली. तरी उरलेल्या सात तालुक्यांत रान कमी नाही. भंडारा शहराच्या जवळच कोका अभयारण्य आहे, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे आणि तुमसरच्या उत्तरेला आंबागड, गायमुख, चांदपूर अशी सातपुड्याच्या पायथ्याची ओळ आहे. अभयारण्यात ठरलेला रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आडवाटेची हौस भागवायला अभयारण्य लागत नाही. नहराची पाळ आहे, वैनगंगेचं उन्हाळी पात्र आहे, बावनथडीकडचा खडकाळ प्रदेश आहे. धानाच्या बांध्यांमधून जाणारी पांदण तर जुलैत फोर बाय फोर गाडीचाही घाम काढते.

अशा ठिकाणी मोबाइलच्या पट्ट्या एकेक करून मावळतात. उपग्रह फोन हा सोपा उपाय वाटेल, पण भारतात तो सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. उरतो तो हौशी रेडिओ, म्हणजे हॅम.

हातातला पाच वॅटचा संच मोकळ्या मैदानात बऱ्यापैकी लांब बोलतो, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की आवाज संपला, आणि पावसाने भिजलेली दाट झाडी असेल तर टेकडीचीही गरज नाही. गाडीच्या टपावर जेमतेम अर्ध्या मीटरची अँटेना बसवली की चित्र बदलतं, कारण टपाचा पत्राच अँटेनाचा उरलेला भाग होऊन काम करतो. तरीही आंबागडच्या पायथ्याला डोंगर आडवा येतोच. तिथे हॅम मंडळी दुसरी युक्ती करतात. वीसेक मीटर लांबीची तार, मध्यभागी जोडलेली केबल, दोन्ही टोकांना दोरी, आणि तेवढ्या अंतरावरची दोन झाडं. तार मुद्दाम फार उंच बांधायची नाही, माणसाच्या डोक्यावरून जरा वर असली की पुरे. सात मेगाहर्ट्झची लहर मग जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावर आपटते आणि छत्रीसारखी खाली पसरते. मधला डोंगर तिच्या वाटेतच येत नाही. मोहाच्या झाडाला तार बांधून बसलेल्या माणसाचा आवाज दिवसाउजेडी नागपूर, जबलपूर, रायपूरपर्यंत जाऊ शकतो.

इथे मोबाइलपेक्षा एक मोठा फरक पडतो. मोबाइलवर ज्याचा नंबर लावला तोच उचलतो. हॅम ‘सीक्यू’ असा पुकारा करतो, म्हणजे जो कुणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावं. उत्तर देणारा न्यायाधीश असेल, गॅरेजवाला असेल, अकरावीतली मुलगी असेल. एप्रिल १९८८ मध्ये वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी करणारे पंतप्रधान राजीव गांधी स्वतः परवानाधारक हॅम होते. व्हीयू२आरजी हा त्यांचा कॉलसाइन. त्यांच्या पुकाऱ्यालाही इतरांइतकाच मान होता.

या छंदाचे नियम वाचले तर एखाद्या पंथाचा आचारधर्म वाचतोय असं वाटावं. बोलण्याआधी ऐकायचं आणि वारंवारता मोकळी आहे की नाही ते पाहायचं. पैशासाठी बोलायचं नाही. सांकेतिक भाषेत अर्थ लपवायचा नाही. स्वतःची ओळख लपवायची नाही, कॉलसाइन सांगायचाच. आणि कुणी संकटात आहे असं कानावर आलं, तर बाकी सगळ्या गप्पा थांबवून वाट मोकळी करून द्यायची. यातले बहुतेक नियम आंतरराष्ट्रीय करारातून आलेले आहेत आणि त्यांचा हेतू अगदी व्यावहारिक आहे. पण निरपेक्षता, सत्य आणि अपरिचिताविषयीचं कर्तव्य या तीन गोष्टी एका छंदाच्या नियमावलीत लिहून ठेवाव्या लागल्या, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

आता एकांताकडे वळू.

आक्षेप असा घेतला जातो की, ज्याला परत बोलावता येतं तो एकांतात नसतोच. ऐकायला हा आक्षेप मोठा करारी वाटतो. पण ज्यांनी एकांताचा खरोखर अभ्यास केला त्यांचं आचरण काय सांगतं? तुकाराम महाराज देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसत. तो डोंगर पुणे जिल्ह्यातला, या भंडाऱ्याशी त्याचं नातं केवळ नावाचं. पण त्या डोंगरावरच्या एकांताची कथा सांगताना वारकरी परंपरा जिजाईला वगळत नाही. ती भाकरी घेऊन डोंगर चढायची, वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला प्रत्यक्ष पांडुरंग आला, असं कीर्तनकार आजही रंगवून सांगतात. म्हणजे महाराजांच्या एकांताला खालून वर येणारी एक पायवाट होती आणि ती कुणीतरी रोज तुडवत होतं.

पवनीत तर याहून जुना पुरावा आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीखाली प्रचंड स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्यांच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरलेली आहेत. एकट्याने विचरावं असं सांगणाऱ्या धर्माचं हे स्थान वैनगंगेकाठच्या तटबंदीच्या नगराला लागून उभं राहिलं आणि गृहस्थांच्या दानातून वाढलं. भिक्खूंचा विहार गावापासून फार लांब नसावा आणि फार जवळही नसावा, असा बौद्ध परंपरेचा दंडक आहे. सकाळी भिक्षेला जाता आलं पाहिजे आणि दुपारी बाजाराचा गलका कानावर येता कामा नये.

महानुभावांचीही हीच रीत. चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमंतीचा काळ ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या भागात येतो, आणि त्या काळात त्यांना भेटलेले नीळभट्ट भांडारेकार हे भंडाऱ्याचे, असं पंथाची परंपरा सांगते. संन्याशाच्या दिनचर्येत अटन, विजन आणि भिक्षा एकामागून एक येतात. निर्जन जागी बसून स्मरण करायचं आणि मग उठून गावात भिक्षेला जायचं. निर्जनात कायमचं नाहीसं व्हा, असं ही दिनचर्या सांगत नाही.

तीन परंपरा, एकमेकींशी वाद घालणाऱ्या, पण एकांताच्या बाबतीत तिघींचं आचरण जुळतं. गरजेपुरती वाट मोकळी आणि बिनगरजेची वाट बंद, असं अंतर राखणं म्हणजे एकांत. या कसोटीवर खिशातला मोबाइल नापास होतो, कारण तो बिनगरजेची वाट सतत उघडी ठेवतो. गाडीतला बिनतारी संच मात्र उत्तीर्ण होतो. त्यावर जाहिरात येत नाही, कुणी शुभ सकाळ पाठवत नाही. ठरलेल्या वेळी, समजा सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला, पाच मिनिटं लावायचा, ‘सगळं ठीक’ सांगायचं आणि बंद करायचा. मधले दहा तास रानाचे.

कुणी म्हणेल, ऋषिमुनींची भिस्त देवावर होती, यंत्रावर नव्हती. गजेंद्राने सरोवरातून धावा केला तेव्हा त्याने बॅटरी तपासली नव्हती. खरं आहे. भक्ताचा धावा ज्याच्याकडे जातो तो ऐकणारच, ही श्रद्धा त्या हाकेच्या मुळाशी असते. उत्तर आलं नाही तरी भक्त त्याला उत्तरच मानतो. रेडिओवरच्या हाकेला असा आधार नाही. पलीकडे कुणीतरी जेवण बाजूला ठेवून, पंखा बंद करून, खरखरीतून आवाज वेगळा करत बसलेलं असावं लागतं. नसेल तर पाच वॅट आणि पन्नास वॅट सारखेच फुकट. म्हणून रानात हाक न्यावी का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर रानाबाहेर आहे. ती ऐकायला कोण बसणार?

बसणारे असतात, याचे दाखले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळी संच घेऊन लातूर-उस्मानाबाद भागात पोचली होती. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्यासोबतचा हॅमचा चमू अंदमानात गेला होता तो निव्वळ हौसेखातर. दुर्मीळ बेटावरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचं, एवढाच बेत होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, इतर संपर्क तुटला, आणि हौसेसाठी नेलेले तेच संच बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागले. गंगासागरच्या जत्रेत हरवलेल्या यात्रेकरूंना घरच्यांशी जोडून देण्याचं काम पश्चिम बंगालमधले हॅम वर्षानुवर्षं करत आले आहेत. यांतल्या कुणाला त्याचा मोबदला मिळत नाही, घेताही येत नाही.

इथवर संचाची बाजू भक्कम दिसते. पण तिला दोन ठिकाणी मोठी भोकं आहेत.

पहिलं धाडसाचं. हाक मारता येते म्हटल्यावर माणूस जिथे जाऊ नये तिथे जातो. वैनगंगेचं पात्र मे महिन्यात निरुपद्रवी दिसतं, रेतीत गाडी फिरवायचा मोह होतो. पण नदी वरच्या पावसावर आणि वरच्या धरणांवर चालते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा नदी किती झपाट्याने चढते हे जिल्ह्याने पाहिलं. रेतीत चाक रुतलेलं असताना पाणी चढू लागलं, तर रेडिओवरून हाक जाईल, पण तिला धावून येणारा माणूस स्वतःचा जीव घेऊन त्याच पात्रात उतरेल. आपल्या हौसेचा धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालणं हा अधर्मच. साप चावला, अ‍ॅक्सल तुटला, सोबत्याची छाती दुखू लागली, तर हाक मारायला संकोच नको. नदीचा इशारा माहीत असून पात्रात गेलेल्याला मदत मिळावी, ती माणुसकी आहे. पण आपण चुकलो नाही असं मात्र त्याला म्हणता येणार नाही.

दुसरं भोक जास्त टोचणारं आहे. भंडाऱ्याच्या रानात हौसेने जाणारे मूठभर, पोटासाठी जाणारे हजारो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बायामाणसं पहाटे अंधारात निघतात. २०२२ मध्ये वडसा, ब्रह्मपुरी आणि लाखांदूर या पट्ट्यात १३ माणसं मारणारा सीटी-१ हा वाघ ऑक्टोबरमध्ये जेरबंद झाला. मेलेल्यांत भंडारा जिल्ह्यातली माणसंही होती. मोह वेचणाऱ्या बायांकडे संच नसतो. त्या टोळीने जातात, झाडाझाडाखाली पांगतात आणि अधूनमधून एकमेकींना हाळी देत राहतात. उत्तर आलं नाही की बाकीच्या टोपल्या टाकून तिकडे धावतात. परवाना, कॉलसाइन, वेळापत्रक काही नाही, पण हॅमच्या नियमावलीतला मुख्य नियम त्या रोज पाळतात.

मग पन्नास हजारांची उपकरणं टपावर लावून त्याच रानातून जाणाऱ्याचं त्यांच्याशी काही नातं आहे की नाही? आहे, आणि इथेच त्याच्या ऋणाचा प्रश्न सुटतो. त्याची हाक जिथवर पोचते तिथवर त्याचे कानही पोचले पाहिजेत, आणि ते फक्त कॉलसाइनवाल्यांसाठी उघडे असून चालणार नाहीत. एरवी तिऱ्हाइताचा निरोप पोचवणं भारतातल्या नियमांत बसत नाही, पण आपत्तीत आणि जिवावरच्या संकटात त्याला वाट मिळते. रानात शिरण्याआधी जवळच्या गावात थांबून, आपण दोन दिवस अमुक तळ्याकाठी आहोत, संध्याकाळी सहाला नागपूरशी बोलतो, काही अडलं तर या, एवढं सांगायला पेट्रोल लागत नाही. हे न करता नुसता ‘सीक्यू’ पुकारणारा माणूस आपल्याच जातवाल्यांशी गप्पा मारतोय, एवढंच.

वाघ, अस्वल, रानकुत्री यांच्याविषयीही काही देणं लागतं. ताडोबात डिसेंबर २०१८ पासून सफारीत मोबाइल नेता येत नाही. वाघ कुठे दिसला ही बातमी हवेतून पसरली की जिप्सींची झुंबड उडते आणि त्या जनावराची वाट अडते. रेडिओ वापरणाऱ्याने हा मोह स्वतःहून टाळायचा असतो. जनावराचा ठावठिकाणा हवेत सांगायचा नाही, आवाज इअरफोनमध्ये ठेवायचा, तार बांधलेल्या झाडाची साल सोलायची नाही. बौद्ध भिक्खूंना वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहायला सांगितलं गेलं त्यामागे एक कारण असं नोंदलेलं आहे की, पावसाळ्यातल्या भ्रमंतीत हिरवे कोंब आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात अशी लोकांची तक्रार होती. पायांबद्दल एवढा विचार झाला, तर रोवणीच्या दिवसांत बांधीलगतच्या पांदणीवरून चिखल उडवत जाणाऱ्या टायरांबद्दल किती व्हावा?

हॅम मंडळींचा एक खेळ आहे. लपवून ठेवलेला छोटा प्रक्षेपक हातातल्या यागी अँटेनाने शोधून काढायचा. अँटेना फिरवायची, आवाज जिकडे ठळक तिकडे चालायचं. कॉलर लावलेल्या वाघाच्या मागावर जाणारा वनरक्षक याच जातीची अँटेना घेऊन फिरतो. पण जयचा बछडा श्रीनिवास गळ्यात कॉलर असूनही २०१७ मध्ये नागभीडजवळ शेतातल्या वीजप्रवाहाच्या तारेला लागून मेला. तो कुठे आहे हे कॉलर सांगत होती, त्याला काय हवं आहे हे सांगत नव्हती. ठावठिकाणा कळणं आणि हाक येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हाक मारायला मारणाऱ्याची इच्छा लागते, आणि ती ऐकणाऱ्यावर बंधन टाकते. माणसाला मिळालेली ही सोय वाघाला नाही, म्हणून माणसाने ती जपून आणि दोन्ही बाजूंनी वापरावी.

तेव्हा रानात जाणाऱ्याने हाक बरोबर न्यावी. जो ऐकायला बसायला तयार नाही, त्याने मात्र नेऊ नये.

हे वाचून एखाद्याने ऑनलाइन वॉकी-टॉकी मागवण्याची घाई करू नये. हॅमच्या पट्ट्यांवर परवान्याशिवाय बोलणं बेकायदा आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय चालतात, पण ते ताफ्यातल्या दोन गाड्यांपुरते. हॅमची परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा घेते. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, आणि रिस्ट्रिक्टेड दर्जासाठी मोर्स यावं लागत नाही. शाळा-महाविद्यालयांना आणि संस्थांना स्वतःचं केंद्रही उभारता येतं. भंडारा, तुमसर, साकोली आणि पवनी इथल्या विज्ञान महाविद्यालयांनी असं एकेक केंद्र सुरू करावं आणि मोहाच्या हंगामात व पुराच्या दिवसांत त्यावर आळीपाळीने कुणीतरी ऐकायला बसवावं. त्याला वीस मीटर तार, एक जुनी गाडीची बॅटरी, एक संच आणि परीक्षा उत्तीर्ण झालेली चार मुलं-मुली एवढंच लागतं.